हातांच्या कामासाठी प्रार्थना



आपल्या मंडळ्यांमध्ये अंत्यविधीच्या वेळी स्तोत्रसंहितेतलं नव्वदावं स्तोत्र पुष्कळदा वाचलं जातं. परंपरेनं ते मोशेच्या नावावर आहे. ऐकणाऱ्याच्या मनात ठसतो तो त्यातला वयाचा हिशेब. माणसाच्या वाट्याला सत्तर वर्षं, अंगात जोर असला तर ऐंशी, आणि त्यातलीही बरीचशी कष्टात जाणारी. समोर शवपेटी असते, घरची माणसं रडत असतात, त्यामुळे पाळक पुढचं वाचत असतात तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. या स्तोत्राचा शेवट कितीदा तरी कानांवर पडूनही आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेला नाही. मला आज त्या शेवटाबद्दल बोलायचं आहे.

डोंगरही झाले नव्हते तेव्हापासून जो आहे, त्या देवापासून स्तोत्र सुरू होतं. हजार वर्षं त्याच्या लेखी रात्रीच्या एका प्रहराएवढी. माणूस म्हणजे सकाळी उगवून संध्याकाळी सुकणारं गवत. मग मागणं येतं की आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव. दुःखात जितके दिवस गेले तितके आनंदाचे दे, असंही तो म्हणतो. आणि अगदी शेवटी, जिथे दीर्घायुष्याची याचना येईल असं वाटतं, तिथे मोशे देवाला सांगतो की आमच्या हातून होणारं काम तू पक्कं कर. हे मागणं तो लागोपाठ दोनदा करतो.

कसलं काम? मोशे आणि त्याचे लोक तेव्हा काय करत होते ते आठवून पाहा. चाळीस वर्षं रानात भटकंती. तंबू ठोकायचा, तंबू काढायचा. रोज सकाळी उठून मान्ना गोळा करायचा, तोही त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. इमारत नाही, शेत नाही, मागे ठेवण्यासारखं काही नाही. संध्याकाळी संपणारं आणि सकाळी पुन्हा सुरू होणारं काम, हेच त्या पिढीच्या हातांत होतं. आणि त्या पिढीतले बहुतेक जण वचनदत्त भूमीत पाऊल न टाकताच वारले, खुद्द मोशेही. त्या माणसाच्या नावावरचं हे स्तोत्र आहे, हे ध्यानात घेतलं की शेवटच्या मागण्याचं वजन कळतं.

मी पाळक नाही. शाळेत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. तरीही इतक्या वर्षांच्या वाचनातून आणि जगण्यातून माझी एक खात्री झाली आहे, आणि ती मांडण्यासाठीच मी इथे उभी आहे. आपल्या आयुष्याचा देवानं ठरवलेला हेतू रोजच्या कामाच्या पलीकडे कुठे दडवून ठेवलेला नाही. दिवस थोडे आहेत म्हणून रोजची कामं उरकून ‘खऱ्या’ सेवेकडे धावायचं, असं पवित्र शास्त्र सांगत नाही. दिवस थोडे आहेत म्हणूनच आज समोर आलेलं काम देवाच्या स्वाधीन करायचं आहे.

प्रभू येशूचंच आयुष्य घ्या. लूक आपल्याला बारा वर्षांचा येशू मंदिरात दाखवतो आणि त्यानंतर एकदम सुमारे तीस वर्षांचा येशू दाखवतो. मधल्या काळाबद्दल चारही शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. मार्कात गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखतात, एवढाच धागा. लोकांमध्ये फिरून शिकवण्याचा काळ साधारण तीन वर्षांचा धरला जातो. म्हणजे जगाचा तारणारा म्हणून ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो, त्याच्या पृथ्वीवरच्या आयुष्याचा फार मोठा भाग नासरेथसारख्या आडगावात, घरात आणि कामात गेला. मला लहानपणी वाटायचं, ही वर्षं वाया कशी जाऊ दिली देवानं?

पुढे त्याचे दाखले मुलांना शिकवताना माझ्या लक्षात आलं की ती वर्षं दाखल्यांतच उतरली आहेत. बाई तीन मापं पिठात खमीर कालवते. तीन मापं म्हणजे एका घराला पुरून उरेल, गावजेवण होईल इतकं पीठ. हरवलेलं नाणं शोधण्यासाठी दुसरी बाई दिवा लावते आणि घर झाडून काढते. जुन्या वस्त्राला नव्या कापडाचं ठिगळ लावलं तर काय होतं, नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात भरला तर काय होतं, दिवसभर बाजारात उभं राहून कोणी कामावर न घेतलेले मजूर कसे दिसतात, हे त्याला माहीत आहे. पीठ कोण मळतं, ठिगळ कोण लावतं, हे तो जवळून पाहत आला होता. देवाचं राज्य कशासारखं आहे हे सांगताना त्यानं फक्त राजवाड्याकडे पाहिलं नाही. पुनरुत्थानानंतरही योहानाच्या शेवटच्या अध्यायात तो किनाऱ्यावर कोळशांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. मरणावर विजय मिळवलेला प्रभू रात्रभर राबलेल्या कोळ्यांसाठी खायला करतो. या प्रसंगावर मी जितका विचार करते तितकी मला आमच्या घराघरांतली सकाळ वेगळी दिसते.

इथे कोणीतरी मार्थेचं नाव काढणार हे मला ठाऊक आहे. मरीया प्रभूच्या पायांशी बसून ऐकत होती, मार्था कामात गढली होती, आणि प्रभूनं मरीयेची बाजू घेतली. या लूकातल्या प्रसंगावरून स्वयंपाकघरातल्या बायकांना किती उपदेश ऐकावे लागले असतील! पण प्रभू तिच्या रांधण्याला नाव ठेवत नाही. तिच्या जिवाच्या ओढाताणीबद्दल, काळजीबद्दल बोलतो. आणि मार्थेची गोष्ट तिथे संपत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ मेलेला असताना येशू हा ख्रिस्त आहे, देवाचा पुत्र आहे, अशी स्पष्ट कबुली देते ती मार्थाच. बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, बेथानीला पुन्हा जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढते आहे. या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. विश्वास पक्का झाल्यावरही तिच्या हातातलं काम तेच राहिलं. योहानानं हे एका छोट्या वाक्यात लिहून ठेवलं आहे आणि उपदेशांत ते सहसा येत नाही.

तरीही एक शंका मी टाळणार नाही, कारण ती माझी स्वतःची आहे. ‘रोजचं काम हीच उपासना’ हे वाक्य राबणाऱ्याला गप्प बसवायला फार सोयीचं आहे. जी पहाटे उठते, डबे भरते, नोकरीवर जाते, संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी उभी राहते, तिला सांगायचं की बाई, तुझं हे देवापुढे मोलाचं आहे. आणि आपण मात्र बसल्या जागी पाणी मागायचं. असं मोल ख्रिस्ताच्या नावावर खपवू नये. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्यानं कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ते दासाचं काम होतं. ते पवित्र आहे, असं दासांना सांगून तो थांबला नाही. गुरू असून त्यानं ते स्वतःच्या हातात घेतलं आणि तुम्हीही एकमेकांसाठी करा म्हणाला. १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना मार्टिन ल्यूथरनं लंगोट धुणाऱ्या बापाचं उदाहरण दिलं आहे. लोक त्याला हसतील, पण तो ते विश्वासानं करत असेल तर देव आणि देवदूत आनंदानं हसतील, असा त्याचा आशय. पाचशे वर्षांपूर्वी ल्यूथरनं हे बापाबद्दल लिहिलं, आणि आमच्या कित्येक घरांत हे काम अजून आईकडून हललेलं नाही. म्हणून मी म्हणते, काम पवित्र आहे की नाही हे विचारताना ते कोणाच्या वाट्याला टाकलं आहे हेही त्याच दमात विचारलं पाहिजे.

आता आपल्या मातीतल्या एका आयुष्याकडे येते. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं होतं. तिला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, दिवसभर घरकामातून सवड नसे, म्हणून ती उजाडण्यापूर्वी लहानग्या रमेला उठवून पाठ देत असे. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटलं, तिची विद्या घरकाम सुरू होण्याआधीच्या त्या पहाटेत रुजली.

आणि आयुष्य किती थोडं असतं हे या बाईला कोणी स्तोत्र वाचून शिकवायची गरज नव्हती. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण. भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्याला पोचल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं तेही गेले. वय चोवीसही पुरं नाही आणि कडेवर लेक मनोरमा. इंग्लंडला गेल्यावर ख्रिस्ताकडे त्यांना कशानं ओढलं, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी मायेनं सांभाळत होत्या, ते काम त्यांनी लंडनजवळ पाहिलं. आणि असं का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा त्यांना ऐकायला मिळाली. आधी त्यांनी हात पाहिले, मग वचन ऐकलं. १८८३ च्या सप्टेंबरात वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा, मग ती पुण्याला. धर्मांतराच्या वादात अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, मी त्यात शिरत नाही. मला केडगाव महत्त्वाचं वाटतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं हाडं निघालेल्या, रोगानं पिचलेल्या मुली घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात घर गमावलेल्या बाईनं हे केलं. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या त्या जागेत मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायामुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार माणसांचा एक दिवस कसा असतो, याचा कधी विचार केला आहे? विहिरी खणायच्या, पाणी शेंदायचं. धान्य निवडायचं, दळायचं. आजारी मुलींचे कपडे उकळायचे. शेती, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, धोबीकाम, शाळा, छापखाना. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवायचं. ते काम मनोरमाबाईंनी उभं केलं. मुक्तीतल्या १९०५ च्या आत्मिक जागृतीबद्दल जगभर लिहिलं गेलं. ती मोठी गोष्ट आहेच. पण त्या जागृतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही दोन हजार जणींसाठी दळण निघालं असणारच, आणि त्या दळणाबद्दल कोणी लिहिलं नाही.

या सगळ्या धबडग्यात रमाबाई बायबलचं मराठीत भाषांतर करत होत्या. फारशी न शिकलेल्या बायांनाही वाचून समजावं ही त्यांची तळमळ. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक, पुढे संस्था जिच्यावर सोपवायची होती ती. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल त्यानंतर १९२४ मध्ये बाहेर आलं.

मग टिकलं काय? ज्या भाषांतरासाठी त्यांनी अखेरपर्यंत डोळे झिजवले ते आपल्या मंडळ्यांमध्ये रुळलं नाही. आज ते अभ्यासकांच्या हाती जास्त दिसतं. आणि मुक्तीतली चूल अजून पेटते आहे, मुली अजून शिकत आहेत. यातलं कोणतं काम मोठं, हे रमाबाईंना आधी कळण्याची सोय नव्हती. आपल्यालाही नसते. म्हणूनच मोशेचं मागणं मला खरं वाटतं. कोणतं काम पक्कं करायचं हे त्यानं देवावर सोडलं आहे.

टिळकांच्या घरातही हेच घडलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतलं आणि ते अर्धवट ठेवून १९१९ मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केलं. नवऱ्यानं अक्षरओळख करून दिलेली, शाळेचा उंबरठा न ओलांडलेली बाई. संसारात पैसा टिकत नसे, कारण टिळकांच्या हातात तो टिकत नसे. पाहुणे, आजारपणं, स्थलांतरं, दुसऱ्यांची मुलं सांभाळणं, यांतून वाट काढत तिनं ते केलं. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मराठीतलं सर्वांत जिवंत आत्मचरित्र मी त्यालाच म्हणेन, आणि ते जवळजवळ सगळं घरातल्या रोजच्या घडामोडींनी भरलेलं आहे. बाप्तिस्म्यासारखी आयुष्य उलटंपालटं करणारी गोष्टही त्यात पाणी, जेवण, सोवळं यांच्या तपशिलातूनच आपल्यापर्यंत येते. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा तेही अपुरंच होतं. शेवटचा भाग मुलानं, देवदत्तांनी लिहिला. नवऱ्याचं बायकोनं पुरं केलं, आईचं मुलानं. थोड्या दिवसांच्या आयुष्यात हाताचं काम पक्कं होतं ते बहुधा असं, दुसऱ्याच्या हातून.

आवडीबद्दलही थोडं बोलते, कारण तरुण मुलं मला विचारतात की ज्यात मन रमत नाही त्या कामात देवाचा हेतू कसा असेल. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. देवाच्या सान्निध्यात राहण्याबद्दलच्या त्यांच्या छोट्या पुस्तकामुळे ते आज जगाला माहीत आहेत. तेही त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी छापलं. त्यांचं काम मठाचं स्वयंपाकघर, आणि पुढे चपला दुरुस्त करणं. त्यांचं चित्र दाखवताना हसतमुख आचारी दाखवतात. वास्तविक स्वयंपाकाच्या कामाचा त्यांना स्वभावतः कंटाळा होता. न आवडणाऱ्या कामात, भांड्यांच्या आवाजात, तीन माणसं तीन गोष्टी मागत असताना त्यांनी देवाशी बोलण्याची सवय लावून घेतली, आणि त्याला वर्षं लागली. वसई आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत जिची तसबीर असते ती लिजूची संत तेरेजा चोवीसाव्या वर्षी क्षयानं वारली. मठातली कामं आणि सोबतच्या भगिनींचा चिडचिड आणणारा सहवास, हेच तिचं जग होतं. ती आजारी असताना, हिच्याबद्दल मृत्यूनंतर लिहायचं तरी काय, असा प्रश्न एका भगिनीला पडला होता. १९९७ मध्ये, तिच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चच्या आचार्यांमध्ये स्थान दिलं.

माझी आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती. अशा माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. मला पाठ असलेल्या प्रार्थना लांब होत्या. त्या घटकेला त्यांतली एकही उपयोगी पडेना. मग मी आईच्या पाठीखाली हात घालताना फक्त ‘प्रभू, धर’ एवढंच म्हणू लागले. पुढे आईही माझ्याबरोबर म्हणायची. धर्मशास्त्रावरचे जे ग्रंथ मी वाचले त्यांचा मला आदर आहे, पण प्रार्थना आणि काम यांच्यात फट राहत नाही हे मला त्या खोलीत समजलं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाचा प्रसंग आहे. राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, आजारी होतो तेव्हा माझा समाचार घेतला. ते गोंधळतात, प्रभू, हे कधी झालं, असं विचारतात. त्यांना आठवतच नाही. आठवेल कसं? ते त्यांच्या रोजच्या दिवसाचा भाग होऊन गेलं होतं. डावीकडच्यांनाही आठवत नाही, तेच जास्त भयंकर आहे. कोणी दारात आलं होतं, त्यांचा दिवस कशात तरी भरलेला होता, आणि ते माणूस निघून गेलं.

म्हणून शेवटी तुमच्याकडे काही मागणार आहे. आपल्या प्रत्येक मंडळीत अशी घरं आहेत जिथलं कोणीतरी वर्षानुवर्षं आजारी माणसापाशी अडकून पडलं आहे आणि रविवारी उपासनेला येऊ शकत नाही. त्यांची नावं आपल्याला माहीत असतात. सभासद गैरहजर म्हणून ती नोंदवू नका. दोघांनी जावं, एकानं त्या घरातल्या माणसाबरोबर प्रार्थना करावी, दुसऱ्यानं तेवढा वेळ रुग्णापाशी थांबावं, म्हणजे त्या माणसाला बाहेर पाय टाकता येईल. मंडळीच्या प्रीतिभोजनानंतर भांडी पुरुषांनी घासावीत. या नाताळापासून सुरुवात करता येईल. आणि अंत्यविधीत चार शब्द बोलायची वेळ आली तर गेलेल्या माणसानं भूषवलेली पदं सांगून झाल्यावर तो किंवा ती रोज काय करत असे तेही सांगा: कोणाचा डबा भरत असे, कोणाला दवाखान्यात नेत असे, चर्चच्या खुर्च्या कोण मांडत असे. नव्वदावं स्तोत्र त्या वेळी अखेरच्या ओळीपर्यंत सावकाश वाचावं, अशी माझी इथे बसलेल्या पाळकांना नम्र विनंती आहे.